शिकागोचा दंतवैद्य

आमच्या सासऱ्यांची जंगलात एक खोपी आहे. तिथल्या भिंतीवर सहा खुंट्या आहेत. पाच खुंट्यांवर पाच माणसांच्या पाच रायफली, आपापल्या मालकांपेक्षा जास्त तेलपाणी मिळालेल्या. सहाव्या खुंटीवर जी लटकते तिचं नाव ‘जावयाची बंदूक’.

जावई मी आहे. बंदूक माझी नाही. ती घराण्यात येणाऱ्या जावयांसाठी राखून ठेवलेली आहे. माझ्या आधी ती माझ्या बायकोच्या, म्हणजे आर्लिसच्या, आत्याचा नवरा वापरायचा. त्याच्या कारकिर्दीत तिचा लाकडी दस्ता चिरला आणि त्यानं त्यावर रुपेरी चिकटपट्टी गुंडाळली. मग मी आलो. हरणांचा मोसम नोव्हेंबरातल्या एका शनिवारी उघडतो. आदल्या संध्याकाळी सासरे, गेरहार्ट त्यांचं नाव, ती बंदूक खाली काढतात, दोन्ही हातांनी माझ्या हवाली करतात आणि म्हणतात, "जपून हं, जावईबापू. पट्टी ओली होऊ देऊ नका." बाकीचे चौघे हसतात. अकरा वर्षं झाली. वाक्य तेच, हसणारे तेच. पट्टीचे वेढे तेवढे वाढलेत, कारण दर वर्षी एक मी घालतो.

बाराव्या वर्षी मी ठरवलं की काय वाट्टेल ते होवो, यंदा खोपीत शिरायचं ते स्वतःची रायफल घेऊन.

मी आमच्या गावातल्या चीजच्या सहकारी कारखान्यात हिशेबनीस आहे. हे अशासाठी सांगितलं की पुढं जे घडलं ते अडाणीपणातून घडलं असा कुणाचा समज होऊ नये. ते संपूर्णपणे हिशेबातून घडलं.

गावात बंदुकांचं दुकान एकच. ऑरिन हाल्व्हर्सनचं. तिथं बंदुका मिळतात, मासेमारीचे परवाने मिळतात, आणि फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी गळाला लावायची गांडुळं मिळतात. कोपऱ्यात कॉफीचं भांडं. पत्र्याच्या डब्यात एक पावली टाकायची आणि कप भरून घ्यायचा. त्या भांड्याभोवती चार खुर्च्या आणि खुर्च्यांवर चार पेन्शनर. मी गेली कित्येक वर्षं बघतोय, त्यांनी पावलीपलीकडे त्या दुकानात काही खर्च केल्याचं मला आठवत नाही.

तिथं मला ती दिसली. जुनी, खालचा लिव्हर म्हणजे दांडा ओढून गोळी भरायची रायफल. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. घोड्याच्या मागच्या बाजूला चंद्रकोरीसारखा एक ओरखडा. सुतळीला बांधलेल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: ४२५.

मी ती खांद्याला लावून बघितली. ठेवली. कॉफी घेतली. पुन्हा लावून बघितली. असं मी तीन आठवडे, दर शनिवारी केलं. तिसऱ्या शनिवारी धीर करून म्हटलं, "ऑरिन, किमतीत काही..."

ऑरिननं पुठ्ठा उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. "पेन्सिलीनं लिहिलंय म्हणून ते पुसायला लिहिलंय असं नाही, डेलमार."

चारही पेन्शनर आपापल्या कपात बघू लागले. आमच्याकडे माणसाचा अपमान झाला की लोक हसत नाहीत, कपात बघतात. हे जास्त लागतं.

घरी येऊन मी शेजारच्या लाइलला सांगितलं. हे चुकलंच. लाइल ब्रेक्केला कुठलाही प्रश्न विचारला की तो आधी कुंपणावर कोपर टेकतो, आणि त्याचं कोपर टेकलं की आपली संध्याकाळ गेली.

"दुकानात कोण घेतं आता?" लाइल म्हणाला. "नेटवर लिलाव असतात. देशभरच्या बंदुका. तू नुसती बोली लावायची. मी बर्फ उडवायचं यंत्र तसंच घेतलं. निम्म्या किमतीत!"

"ते अर्धंच आलंय ना पण?"

"निम्मी किंमत, निम्मं यंत्र. हिशेब चोख आहे. दुसरा भाग निघालाय तिकडून."

तिकडून तो मार्चमध्ये निघाला होता.

पण माझ्यातल्या हिशेबनिसाला बोटाला धरून कुणीतरी जत्रेत नेल्यासारखं झालं. चारच दिवसांत मला लिलावात सापडली: तीच जात, तोच दस्ता, त्याच मापाची. ऑरिनच्या बंदुकीची जुळी बहीणच. फोटो एका टॉवेलवर ठेवून काढलेले होते आणि एका फोटोत घोड्याच्या मागच्या बाजूवर कुणाचा तरी अंगठा आला होता. सुरुवातीची बोली अडीचशे. विकणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसतं ‘उत्तर विस्कॉन्सिन’. मी मनात ऑरिनला म्हटलं, बघ, पुसलं जातं ते असं!

लिलाव संपायची वेळ होती रविवारी दुपारी दोन. ती वाचून मला जो आनंद झाला तो विस्कॉन्सिनच्या बाहेर जन्मलेल्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. रविवारी दुपारी फुटबॉलची मॅच असते. आमच्याकडे बारशी, बारावे, मुलांची लग्नं मॅचची वेळ बघून ठरतात. आमचे पाद्री प्रवचनात परलोकाबद्दल बोलता बोलता घड्याळ बघतात. अशा वेळी कॉम्प्युटरपुढे बसलेला एकही माणूस या राज्यात सापडणार नाही. म्हणजे मैदान मोकळं. असा शुद्ध तर्क मी केला.

आम्ही मॅच बघायला नेहमी सासऱ्यांकडे जातो. मी आर्लिसला सांगितलं, माझं पोट बिघडलंय. ती आमच्या नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन गेली. मी पडदे ओढले आणि बसलो.

दोनला पाच मिनिटं असताना मी तीनशेची बोली लावली. लगेच समोरून तीनशेदहा.

मी चमकलो. मॅच ऐन रंगात आलेली असणार. या क्षणी कोण? मी तीनशेतीस. समोरून तीनशेचाळीस. आणि या लिलावांची अशी रीत की शेवटच्या क्षणी कुणी बोली लावली की वेळ पंधरा मिनिटं पुढं सरकते. दोनचे सव्वादोन झाले, अडीच झाले, तीन झाले. चारशेपंचवीसचा आकडा ओलांडला तेव्हा मला ऑरिनची आठवण आली, पण पुसटशी. माणूस एकदा लढाईत उतरला की लढाई कशासाठी होती ते त्याला विचारू नये.

समोरचा कोण, हे मी हळूहळू ओळखलं. मॅच बघत नाही, म्हणजे आपला नाही. आपला नाही, तर दक्षिणेकडचा, इलिनॉयचा. पैशाला काही लाज नाही, म्हणजे शिकागोचा. आणि शिकागोचा म्हणजे दंतवैद्य. दंतवैद्यच का? तर उन्हाळ्यात आमच्या तळ्यांवर येऊन जे काठाच्या जागा दुप्पट भावानं घेतात, चौकशी केली की ते दंतवैद्यच निघतात. मला तो दिसूच लागला. पांढरेशुभ्र दात, अंगात महागाचं स्वेटर, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दाढेच्या पैशातून माझी रायफल ओढू पाहणारा.

"तुला नाही घेऊ देणार!" मी कॉम्प्युटरच्या पडद्याला म्हणालो.

सव्वाचार वाजता, सहाशेपन्नासला, दंतवैद्य गप्प झाला. पंधरा मिनिटं मी श्वास घेतला की नाही आठवत नाही. मग हिरव्या अक्षरांत आलं: अभिनंदन.

आर्लिस आली तेव्हा मी सोफ्यावर घामेघूम पडलो होतो. पोटाचं सोंग वठवायला फार कष्ट पडले नाहीत.

"तुझं पोट, आणि तिकडे बाबांची घर तापवायची भट्टी," ती कोट काढत म्हणाली. "आख्खी मॅच तळघरात. म्हणे भट्टी आवाज करतेय. मधूनच खालून शिव्या ऐकू यायच्या. मी आणि पोरगी दोघीच बघत बसलो. जिंकलो, विचारशील तर."

"मीपण," मी म्हणालो.

"काय?"

"मलापण बरं वाटतंय."

सोमवारी सकाळी मी कुंपणापाशी गेलो, आपण होऊन. लाइलनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता ती येणार कुठं?"

"घरी."

लाइलनं दुसरंही कोपर टेकलं. "अरे, बंदूक आहे ती, पायमोजे नाहीत. नेटवरची बंदूक घरी येत नाही. परवानेवाल्या दुकानदाराकडे येते. तो फॉर्म भरून घेतो, सरकारला फोन करतो, मग तुझ्या हातात. अकरा वर्षं शिकारीला जातोस ना तू?"

"ती बंदूक खुंटीवरून मिळते."

"मग पाठव ऑरिनकडे. गावात परवाना आहे कुणाकडे दुसऱ्या?"

माझ्या डोळ्यापुढे ते दुकान आलं. ज्याची चारशेपंचवीसची रायफल नाकारली त्याच ऑरिनच्या हातून सहाशेपन्नासची तशीच रायफल सोडवून घ्यायची, तीही चौघांसमोर. चारही जण कपात बघणार. नको. कदापि नको. मी यादी काढली आणि पासष्ट मैलांवरच्या एका गावात लोरेटा झ्विक नावाच्या बाईंचा परवाना शोधून काढला. तो पत्ता विकणाऱ्याला कळवला.

लोरेटाबाईंचा मूळ धंदा बायकांचे केस सेट करायचा. पुढच्या खोलीत तीन खुर्च्या, डोक्यावर उतरणारी गरम हवेची तीन भांडी. मागच्या खोलीत बंदुका. बंदुकांचं कामकाज फक्त मंगळवारी आणि गुरुवारी, पाच ते सात. त्यातला एक मंगळवार चर्चमधल्या मासळीच्या जेवणात गेला, आणि ते मला बंद दारावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून कळलं. पासष्ट मैल जाऊन.

गुरुवारी मी पुन्हा गेलो. बाई एका आजींच्या डोक्याला रोलर लावत होत्या. "बसा त्या भांड्याखाली, फॉर्म भरा," त्या म्हणाल्या. मी बसलो. फॉर्मवर प्रश्न होते: तुम्ही फरार आहात काय? तुम्हाला न्यायालयानं वेडे ठरवलं आहे काय? या दुसऱ्या प्रश्नापाशी मी सहाशेपन्नास आठवून क्षणभर थांबलो.

बाईंनी फोन लावला. बराच वेळ ‘हो, हो’ झालं. मग फोन ठेवून म्हणाल्या, "थांबवलंय."

"म्हणजे?"

"नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. तीन दिवस थांबायचं. कामाचे तीन दिवस."

"पण कारण?"

"कारण ते सांगत नाहीत."

रोलरवाल्या आजींनी आरशातून माझ्याकडे नीट बघितलं. "काय केलंत हो तुम्ही?"

"काही नाही!"

"काहीतरी असेलच. चेहऱ्यावरून वाटत नाही, पण चेहऱ्यावरून वाटणारी माणसं काही करत नाहीत."

"कर चुकवला असेल," शेजारच्या भांड्याखालून दुसरी एक बाई ओरडली. भांड्याखाली माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही.

"मी हिशेबनीस आहे!"

"मग तेच," आजी म्हणाल्या.

बारा वर्षांत लायब्ररीचं पुस्तक मी एक दिवस उशिरा दिलेलं नाही. ते पाच दिवस मी संशयित म्हणून जगलो. कारखान्यात कुणी दार वाजवलं की उभा राहायचो.

मंगळवारी तिसरी खेप. आता कुणाची हरकत नव्हती. कशाला होती तेही कुणी सांगितलं नाही. लोरेटाबाईंनी त्यांचे तीस डॉलर घेतले, कात्रीनं खोकं उघडलं आणि रायफल माझ्या हातात दिली. मी ती खांद्याला लावली. गालाला लाकूड लागलं, नजर खाली गेली, आणि घोड्याच्या मागं मला दिसली चंद्रकोर.

जुळ्या बहिणींना ओरखडे एकाच जागी पडत नाहीत.

मी खोक्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला. हाल्व्हर्सन. आमचंच गाव. माझ्या घरापासून सहा मिनिटं, तेसुद्धा चालत. तळाशी एक पुठ्ठा होता, सुतळी बांधलेला. एका बाजूला ४२५, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीनं: "धन्यवाद, डेलमार. एक कप कॉफी फुकट. ऑरिन."

"चांगली बातमी?" लोरेटाबाईंनी विचारलं.

"ओळखीचे आहेत," मी म्हणालो.

त्या रात्री मी सगळं एका कागदावर मांडलं: सहाशेपन्नास, खोक्याचं भाडं पस्तीस, बाईंचे तीस, तीन खेपांचं पेट्रोल. बेरीज केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच आकड्यांखाली रेघ ओढून मी कागद घडी घालून ठेवून दिला. एका गोष्टीचा मात्र आधार होता. पैसे गेले ते गेले, पण शुक्रवारी खोपीत मी स्वतःची रायफल घेऊन शिरणार होतो, आणि ती कुठून आली ते तिथं कुणाला कळणार नव्हतं. कळून चालणारच नव्हतं. कारण सासऱ्यांपुढे ऑरिनचं नाव काढायची सोय नाही. एकोणतीस वर्षांपूर्वी बर्फावरच्या मासेमारीच्या स्पर्धेत सासऱ्यांचा मासा मोजायला ऑरिन होता, आणि त्यानं तो पाव इंच कमी भरवला. सासऱ्यांचं म्हणणं, थंडीत मासा आखडतो. त्या दिवसापासून ते काडतुसंसुद्धा चाळीस मैलांवरून आणतात.

शुक्रवारी चारच्या सुमाराला मी रायफलची पेटी घेऊन खोपीत शिरलो. पण माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सासरे शेगडीपाशी उभे राहून हातवारे करत होते.

"...आणि सहाशेचाळीसपर्यंत गेलो मी! सहाशेचाळीस! पण समोरचा हटेना. ऐन मॅचच्या वेळी! म्हणजे आपल्यातला कुणी असणं शक्यच नाही. शिकागोचा कुणीतरी. दंतवैद्य असणार."

मी पेटी हळूच टेबलावर ठेवली. पेटी वाजली.

"या, जावईबापू," सासरे वळले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुमच्यासाठीच चाललं होतं. म्हटलं, अकरा वर्षं झाली, पुरे झाली त्या पट्टीची थट्टा. तळघरात बसून शिकलो ते नेटवरचं सगळं. भट्टीचं खोटं सांगितलं पोरीला. पण नेली त्या दात उपटणाऱ्यानं." त्यांनी सहाव्या खुंटीकडे हात केला. "यंदापण हीच घ्यावी लागणार. मला वाईट वाटतं."

अकरा वर्षांत ते असं बोलले नव्हते. आता पेटी तशीच गाडीत नेऊन ठेवता आली असती. पण त्यांची नजर तिच्यावर गेली होती.

"हे काय?"

मी कुलूप काढलं. सासऱ्यांनी रायफल उचलली, उलटीसुलटी केली, चंद्रकोरीवर अंगठा फिरवला. अंगठा जागेवर थांबला; फोटोतला अंगठाही नेमका तिथंच होता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सहाशेपन्नास."

"तुमचं पोट बिघडलं होतं त्या दिवशी."

"हो. आणि तुमची भट्टी."

चौघेही आपापल्या कपात बघू लागले. मग कुणाला तरी ठसका लागला आणि त्यानंतर पाच मिनिटं खोपीत कुणाला धड बोलता येईना. सासरे सोडून. ते रायफल हातात धरून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते: "दंतवैद्य... दंतवैद्य..."

शेवटी डोळे पुसत एकानं विचारलं, "काडतुसं आणलीस का?"

ऑरिनच्या दुकानाचा रस्ता टाळण्यात मी महिना घालवला होता. काडतुसं तिथंच मिळतात हे त्यात राहूनच गेलं. जुन्या मापाची ती गोळी खोपीत कुणाकडेच नव्हती. मोसम उघडायला एक रात्र. पाचला दहा कमी. ऑरिन त्या दिवशी सहापर्यंत उघडा असतो.

"मी जातो," मी म्हणालो.

"मीपण," सासरे म्हणाले. "पण मी गाडीतच बसणार."

वाटेत मी पुठ्ठा दाखवला, कारण आता लपवून उपयोग नव्हता. बारा मैल ते तो पुठ्ठा उलटासुलटा करत राहिले. दुकानापाशी मी उतरलो, दार ढकललं, आणि माझ्या मागं दुसरंही कुणीतरी दार ढकललं. चारही पेन्शनरांनी कप खाली ठेवले. असं मी तिथं कधी बघितलं नव्हतं.

"ऑरिन," मी म्हणालो, "तुम्ही आपली रायफल लिलावात का टाकलीत?"

"तू तीन आठवडे खांद्याला लावून बघितलीस आणि निघून गेलास. म्हटलं, गावात कुणाला नको." ऑरिननं सासऱ्यांकडे बघितलं नाही. "छान भाव आला मात्र. दुसरा कुणीतरी फार हट्टाला पेटला होता. शिकागोचा दंत..."

"तो मी," सासरे म्हणाले.

एकोणतीस वर्षांतले त्यांच्यातले हे पहिले दोन शब्द. ऑरिननं सावकाश चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मागच्या फळीवरून काडतुसांचा डबा काढून काउंटरवर ठेवला.

"बत्तीस डॉलर," तो मला म्हणाला. मी पाकीट काढलं तसा तो पुढं म्हणाला, "ऑनलाइन अठ्ठावीसला मिळतात. मंगळवारपर्यंत येतील."

मी पस्तीस ठेवले आणि सुटे मागितले नाहीत.

"थंडीत मासा आखडतो," सासरे अचानक म्हणाले.

"माणसंही आखडतात, गेरहार्ट," ऑरिन म्हणाला. "कॉफी?"

मी कूपनाचा पुठ्ठा पुढं केला. ऑरिननं एक कप भरला. सासऱ्यांनी दुसऱ्या कपासाठी खिशातून पावली काढली आणि ती डब्यात पडताना जरा जास्तच जोरात वाजवली. एका पेन्शनरानं आपली खुर्ची सरकवून जागा केली. त्यांचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. ते आता दर शनिवारी त्या खुर्चीत बसून भांडतात.

परत आल्यावर सासऱ्यांनी जावयाची बंदूक सहाव्या खुंटीवरून काढली आणि तिथं माझी लटकवली. स्वतःच्या हातानं. कुणी हसलं नाही. मला वाटलं, संपलं एकदाचं.

"आणि ही?" मी जुनीकडे बघून विचारलं. "जाळायची का?"

"जाळायची?" सासरे दचकले. "पोरगी नऊ वर्षांची झाली ना? दहा-पंधरा वर्षांत लागेल."

मी ती बंदूक मांडीवर घेतली. दस्ता एका जागी सैल झाला होता. त्या अनोळखी कार्ट्याचा विचार करत मी फडताळातून रुपेरी पट्टी काढली आणि मोठ्या समाधानानं आणखी दोन वेढे दिले.